महत्व की महत्त्व? पैज लावण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी पत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंकांची प्रुफं तपासतो. त्यामुळे ओळखीपाळखीत कुठे एखाद्या शब्दावरून जुंपली की फोन माझ्याकडे येतो. "आधी निकाल सांग, मग मिसळ कोणी द्यायची ते ठरवतो," अशी सुरुवात असते. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बरोबर काय नि चूक काय, हे ठरवतं कोण?

मराठी साहित्य महामंडळानं तयार केलेले लेखनाचे १४ नियम राज्य शासनानं १९६२ साली मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. शाळा, शासकीय कागद आणि बहुतेक छापखाने या अठरा नियमांवर चालतात. पैजेपुरती त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मी भांडणं मिटतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, म्हणजे तत्सम शब्द, साधारण संस्कृतातल्यासारखे लिहायचे. बाकीचे मराठीच्या वळणानं.

'साधारण' म्हणालो, कारण शब्दाच्या शेवटचे इ आणि उ मराठीत दीर्घ होतात. कवि, बुद्धि, गुरु यांचे कवी, बुद्धी, गुरू झाले. आजोबांच्या कपाटातल्या पुस्तकात 'कवि' दिसला तर ती चूक म्हणून नाचवू नका, ती त्या काळची रीत होती. 'आणि' आणि 'नि' मात्र आजही ऱ्हस्वच.

हे नियम लेखनापुरते आहेत. बोलताना कोणता शब्द वापरायचा याचा निकाल त्यांत मिळत नाही. ती भांडणं प्रश्न ११ पासून पुढे आहेत.

२. 'महत्व' लिहिलं तर काय बिघडतं? वाचणाऱ्याला कळतंच ना!

कळतं. पण पैज लागली असेल तर 'महत्त्व'वाला जिंकला. मूळ शब्द 'महत्', त्याला 'त्व' लागला. एक त शब्दाचा, एक प्रत्ययाचा, म्हणून दोन. तत् + त्व = तत्त्व, सत् + त्व = सत्त्व, व्यक्तिमत् + त्व = व्यक्तिमत्त्व.

यानंतर लोक उत्साहानं 'नेतृत्त्व' आणि 'अस्तित्त्व' लिहू लागतात. तिथे मूळ शब्द 'नेतृ' आणि 'अस्ति'. त्यांच्याजवळ स्वतःचा त् शेवटी शिल्लक नाही, म्हणून एकच त. मातृत्व, कर्तृत्व, स्वत्व, प्रभुत्व हेही तसेच. प्रत्यय बाजूला काढायचा आणि काय उरतं ते बघायचं, एवढीच परीक्षा.

हरलेल्या पक्षाच्या समाधानासाठी सांगतो: जुन्या हस्तलिखित पोथ्यांतही 'तत्व' असं एका तवर भागवलेलं सर्रास दिसतं. पत्रिकेत मात्र चालत नाही.

३. मग 'तज्ञ' की 'तज्ज्ञ'? 'उज्वल' की 'उज्ज्वल'?

तज्ज्ञ (तत् + ज्ञ) आणि उज्ज्वल (उत् + ज्वल). दोन्हीकडे त् पुढच्या ज मुळे ज् झाला आहे. 'सर्वज्ञ', 'कृतज्ञ', 'शास्त्रज्ञ' यांत मागे त् नाही, म्हणून जादा ज् नाही. याच कुळातला 'उद्ध्वस्त' (उद् + ध्वस्त) फारच थोडे लोक नीट लिहितात. मीही दोनदा बघतो.

४. आजीच्या सोहळ्याच्या पत्रिकेवर 'सहस्त्रचंद्रदर्शन' छापायचं की 'सहस्रचंद्रदर्शन'? घरात दोन तट पडलेत.

सहस्र. स आणि र, मध्ये त नाही. ऐंशी ओलांडल्यावर होणाऱ्या या सोहळ्याच्या पत्रिका माझ्याकडे वर्षाला पुष्कळ येतात आणि बहुतेकींत तो त आगंतुकासारखा येऊन बसलेला असतो. दोष जिभेचा आहे. स वरून र वर जाताना जीभ टाळ्याच्या पुढच्या भागाला टेकते आणि त आपोआप निघतो. त्यातून शस्त्र, वस्त्र, शास्त्र, स्त्री हे ओळखीचे शब्द डोळ्यांपुढे असतात. पण स्रोत, स्राव, हिंस्र, अजस्र, सहस्र हे पाचही त नसलेले आहेत. 'स्तोत्र' वेगळं, ते 'स्तु' या धातूपासून आलेलं.

५. आमच्या कॉलनीत पाटी आहे 'उपहारगृह'. मी म्हणतो चूक, बाबा म्हणतात बरोबर. कोण जिंकलं?

तुम्ही. उपहार म्हणजे भेट. उपाहार (उप + आहार) म्हणजे थोडं खाणं. तेव्हा 'उपहारगृहा'त खरं तर भेटवस्तू मिळायला हव्यात. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी येतो तो 'अल्पोपाहार', अल्प + उपाहार. 'अल्पोपहार' म्हणजे छोटीशी भेट. पाहुणे वडा-चटणीच्या आशेनं येतात आणि त्यांना पेन मिळतं!

६. साठाव्या वर्षी 'षष्ठ्यब्दी' की 'षष्ट्यब्दी'? आणि 'ज्येष्ठ'मध्ये ठ का?

साठ म्हणजे संस्कृतात 'षष्टि'. षष्टि + अब्द (वर्ष), त्यावरून षष्ट्यब्दी. 'षष्ठी' म्हणजे सहावी, ती तिथी. ठ घातलात तर साठीच्या गृहस्थांना सहा वर्षांचं करून ठेवाल. 'एकसष्टी', 'पासष्ट', 'सदुसष्ट' यांतही ट. हे कळलं की कान पकडायला आणखी एक खूण मिळते: 'सर्वांत अधिक' असा अर्थ देणारा इष्ठ प्रत्यय ठ चा आहे. ज्येष्ठ, श्रेष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ हे सगळे त्यातले. 'स्था'पासून आलेले निष्ठा, प्रतिष्ठा, अधिष्ठानही ठ चेच. उलट घडून गेलेलं, झालेलं असं सांगणारे शब्द ट चे: नष्ट, दुष्ट, स्पष्ट, विशिष्ट, उत्कृष्ट. त्यामुळे 'वैशिष्ट्य'ही ट चं.

'ज्येष्ठ' लिहिताना य विसरू नये. 'जेष्ठ नागरिक' असं लिहिलेल्या पाट्यांची मोजदाद मी सोडून दिली आहे.

आणि आता मेख. 'स्वादिष्ट' हा मूळ संस्कृतात 'स्वादिष्ठ' आहे, म्हणजे श्रेष्ठ-कनिष्ठांच्याच पंगतीतला. मराठीनं त्याचा ठ काढून घेतला आणि आज 'स्वादिष्ट'च रूढ आहे. कोणी 'स्वादिष्ठ' लिहिलं तर त्याच्यावर पैज लावू नका. तो माणूस मुद्दाम तुम्हाला खड्ड्यात ओढतो आहे.

७. फ्लेक्सवर 'अभिष्टचिंतन' असतं. ते तसंच ना?

नाही. अभि + इष्ट. दोन इ एकत्र आल्या की ई, म्हणून अभीष्टचिंतन. 'परीक्षा' (परि + ईक्षा) आणि 'प्रतीक्षा' (प्रति + ईक्षा) यांचंही तेच. 'परिस्थिती', 'परिणाम', 'परिवार' यांत पुढे इ नाही, म्हणून परि ऱ्हस्व. गल्लीतल्या फ्लेक्सवर नेत्याचं नाव बारा वेळा तपासलेलं असतं, अभीष्टचिंतन एकदाही नाही.

८. 'प्राणीसंग्रहालय' लिहिलं म्हणून ऑफिसात हसले. 'प्राणी' तर दीर्घच आहे की!

एकटा असताना दीर्घ. समासात पहिला आला की तत्सम शब्द आपल्या मूळ रूपाला परततो. मूळ ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व: कविसंमेलन, बुद्धिबळ, मृत्युपत्र, साडेतीन शक्तिपीठं. प्राणी, पक्षी, विद्यार्थी, मंत्री हे मुळात प्राणिन्, पक्षिन्, विद्यार्थिन्, मंत्रिन्. न् गळतो आणि ऱ्हस्व इ उरते. म्हणून प्राणिसंग्रहालय, पक्षिनिरीक्षण, विद्यार्थिगृह. 'मंत्रिमंडळ' सगळे बिनचूक लिहितात, कारण ते रोज पेपरात दिसतं. 'मंत्रिपद'ला हात थरथरतो.

मूळचाच दीर्घ असेल तर तो दीर्घ राहतो: नदीकाठ, लक्ष्मीपूजन, विद्यार्थिनीगृह. म्हणजे मुलांचं विद्यार्थिगृह ऱ्हस्व आणि मुलींचं विद्यार्थिनीगृह दीर्घ. अस्सल मराठी शब्दांना हा नियमच लागू नाही, म्हणून पाणीपुरवठा, हत्तीरोग. मग 'कालिदास' कसा, काली तर दीर्घ? हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी एक हुशार मुलगी विचारतेच. विशेषनामांत ही ई ऱ्हस्व होऊ शकते, अशी मुभा खुद्द पाणिनीनं देऊन ठेवली आहे.

मुंबईकर या सगळ्यातून सुटले. ते 'राणीची बाग' म्हणतात. (तीही 'राणीचा बाग' की 'राणीची' यावर वाद आहे, दोन्ही चालतं.)

९. 'नाविन्यपूर्ण', 'प्राविण्य', 'पारंपारिक', 'व्यवसायिक'. यांतलं काय बरोबर?

चारही चूक, मिसळ कोणालाच नाही. मूळ शब्द नवीन आणि प्रवीण. य लागताना फक्त पहिला स्वर फुगतो, मधली ई जागची हलत नाही. म्हणून नावीन्य, प्रावीण्य. 'वैविध्य' ऱ्हस्व, कारण 'विविध'च ऱ्हस्व आहे. परंपरेतून पारंपरिक: पहिल्या प चा पा झाला, पुढच्या प नं काय पाप केलं? 'व्यवसाय'मध्ये मात्र पहिला स्वर फुगवायला विसरतात. व्यावसायिक, तसंच व्यावहारिक.

याच घरातला 'साहाय्य'. मदत करणारा 'सहायक', त्याची मदत 'साहाय्य'. 'सहाय्य' आणि 'सहाय्यक' ही दोघांची खिचडी आहे. 'सहाय्यक' कार्यालयांत इतका मुरलाय की मी तो पदनामात आला तर हात लावत नाही.

१०. 'कोट्याधीश' की 'कोट्यधीश'?

कोट्यधीश, कारण कोटि + अधीश. 'लक्षाधीश'मध्ये आ आहे, कारण 'लक्ष'च्या शेवटी अ आहे. लाखवाल्याचं बघून कोटीवाल्यानं काना लावून घेतला. कोट्यवधी आणि लक्षावधी यांचंही अगदी तेच.

११. पुण्यातल्या सासरी 'पुस्तक भेटलं' म्हटलं की सगळे हसतात. आमच्याकडे तसंच म्हणतात. मी चुकते का?

प्रमाण मराठीत माणूस भेटतो आणि वस्तू मिळते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, बातमीत, अर्जात 'मिळालं' लिहा. पण मुंबईपासून खानदेश-मराठवाड्यापर्यंत कित्येक घरांत वस्तूही भेटते, आणि बोलणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. 'परत' ऐवजी 'वापस', 'जातोय' ऐवजी 'जाऊन राहिलो', 'भाकरी' ऐवजी 'भाकर' हेही त्या त्या मुलखाचं चलन आहे. चुकीचं आणि वेगळं यांत फरक असतो. तुम्ही सासरच्यांना एकदा विचारा, दुकानात गेल्यावर 'पोळी' मागता की 'चपाती'? मग बघा त्यांच्या त्यांच्यातच कशी जुंपते.

१२. 'तो मला बोलला की उद्या ये.' यात नक्की काय खटकतं?

प्रमाण मराठीत 'बोलणे' म्हणजे बोलण्याची क्रिया आणि 'म्हणणे' म्हणजे नेमके शब्द सांगणे. तो तासभर बोलला, पण काय म्हणाला ते कळलं नाही. हे वाक्य जर तुम्हाला सहज पटलं, तर फरक तुमच्या कानाला माहीत आहे. 'मला बोलला'चा घरगुती अर्थ तर 'मला रागावला' असाही होतो, त्यामुळे निरोप सांगताना घोळ होऊ शकतो. बोलीचा मुद्दा इथेही आहेच (प्रश्न ११).

१३. 'मज्जा आली' लिहिलं तर चालतं का?

मजा फारसीतून आली. मज्जा संस्कृतातली, हाडाच्या आतला मगज, 'मज्जारज्जू'तली. तेव्हा 'सहलीत मज्जा आली' हे वाक्य डॉक्टरनं वाचलं तर तो काळजीत पडेल. लहान मुलं आनंदाच्या भरात ज वर जोर देऊन 'मज्जा!' म्हणतात, तो जोर संवादात लिहून दाखवायला माझी हरकत नाही.

१४. माझा वेळ की माझी वेळ?

दोन्ही, पण अर्थ वेगळे. लांबी मोजायची असेल तर तो वेळ: माझा वेळ फुकट गेला, वेळ काढला, बराच वेळ लागला. नेमका क्षण असेल तर ती वेळ: जेवायची वेळ झाली, गाडीची वेळ चुकली. 'माझी वेळ आली' म्हणाल तर ऐकणारा दचकेल. इतकी बारीक कामाची विभागणी एकाच शब्दात लिंगावर सोपवलेली मला फार आवडते. परभाषक मित्राला हे समजावताना आपण नेमके अडकतो, कारण आपण ते कधी शिकलेलोच नसतो.

१५. आमंत्रण आणि निमंत्रण यांत फरक आहे का? काका म्हणतात, निमंत्रण नाकारता येत नाही.

काकांना मुळातली गोष्ट माहीत आहे. पाणिनीनं एका सूत्रात दोन्ही शब्द वेगळे दिले आहेत आणि टीकाकारांनी त्यांतला फरक उलगडला आहे: निमंत्रणाला जावंच लागतं, आमंत्रणाला जायचं की नाही ते पाहुण्याच्या मर्जीवर. मराठीत हा फरक टिकलेला नाही. 'आग्रहाचं निमंत्रण' ही आपली शब्दजोडीच सांगते की निमंत्रणात सक्ती उरलेली नाही, असती तर आग्रह कशाला करावा लागला असता? पत्रिकेवर दोन्हींपैकी कोणताही शब्द घाला. काकांना मात्र निमंत्रणच पाठवा.

१६. 'सुचना' की 'सूचना'? सुचणे तर ऱ्हस्व आहे.

सूचना तत्सम, म्हणून सू दीर्घ. सुचणे आणि सुचवणे ही मराठी क्रियापदं, म्हणून ऱ्हस्व. एका वाक्यात दोन्ही येऊ शकतात: 'त्यानं सुचवलेली सूचना मान्य झाली.' 'सूज्ञ' मात्र चूक; सु + ज्ञ, म्हणून सुज्ञ.

१७. 'फुलाला' ऱ्हस्व आणि 'दूताला' दीर्घ, असं का? दोन्ही शब्द सारखेच दिसतात.

फूल मराठी आहे; विभक्ती लागली की आतला दीर्घ ऊ आखडतो. गरीब, गरिबाला, वकील, वकिलाला, तारीख तर चक्क तारखेला होते. दूत, शरीर, रूप हे तत्सम, ते अंग चोरत नाहीत: दूताला, शरीराला, रूपाला. ज्याचं कूळ दोन्हीकडे जातं तो 'जीव' भांडण लावतो. तत्सम मानून 'जीवाला' लिहिणारे आहेत, पण 'जिवाला जीव देणारा', 'जिवाभावाचा', 'जिवाची मुंबई' यांत ऱ्हस्वच रुळलेला आहे आणि मी तोच ठेवतो. जाता जाता: किंमत आणि गंमत यांचा अनुस्वार विभक्तीत पडतो. किमतीला, गमतीनं.

१८. संस्कृतप्रमाणे लिहायचं तर 'चिन्ह' चूक आणि 'चिह्न' बरोबर, नाही का?

आलात वळणावर. संस्कृतात चिह्न, पण मराठीनं ह आणि न यांची जागा बदलली आणि 'चिन्ह' स्वीकारलं गेलं. 'प्रश्नचिह्न' आज कोणी छापत नाही. ब्राह्मण, आह्लाद, मध्याह्न यांच्या बाबतीत मात्र उच्चारात म्ह, ल्ह, न्ह ऐकू आले तरी लेखनात मूळ क्रमच ठेवतात. तर्काला धरून नाही, मान्य. प्रश्न १ मधला 'साधारण' हा शब्द अशाच जागांसाठी राखून ठेवला होता.

१९. 'केले' की 'केलं'?

दोन्ही. औपचारिक लेखनात 'केले', बोलण्याच्या ढंगानं लिहायचं तर 'केलं'. फक्त एका लेखात एकच ठेवा. एका परिच्छेदात 'सांगितले' आणि दुसऱ्यात 'सांगितलं' म्हणजे एका पायात चप्पल नि दुसऱ्यात बूट.

२०. आत्याचं नाव 'अनुसया' आहे. पत्रिकेत 'अनसूया' करू का?

शब्द म्हणून अनसूया बरोबर: अन् + असूया, जिच्या मनात असूया नाही ती. पण आधार कार्डावर, बँकेत आणि सत्तर वर्षं हाक मारताना त्या अनुसया आहेत. नाव ज्याचं त्याचं. आत्यांना विचारा आणि त्या सांगतील तसं छापा.

२१. 'शुद्ध'लेखन की 'शुध्द'लेखन? कंप्युटरवर दोन्ही सारखंच दिसतं.

जवळ धरून बघा, सारखं नाही. आधी द्, मग ध: शुद्ध, युद्ध, बुद्ध, प्रसिद्ध, पद्धत. 'ध्द' उच्चारूनच बघा, जीभ नकार देईल. 'वाङ्मय'चंही असंच, मूळ वाक् + मय, क् चा ङ् झाला. ङ चा टिंब गळाला की त्याचं 'वाड्मय' होतं आणि वाचणारा खरोखर ड म्हणतो. प्रुफात मी पहिल्यांदा हे दोन शोधतो.

२२. पत्रिका छापून आल्यावर चूक दिसली. वाटायची की पुन्हा छापायची?

तारीख, वार, पत्ता किंवा कोणाचं नाव चुकलं असेल तर पुन्हा छापा. बाकी चुकांसाठी पैसे घालवू नका, आणि यजमानांना लग्नघरात तर मुळीच दाखवू नका. बारसं झाल्यावर सांगा. माझ्या स्वतःच्या लग्नपत्रिकेत शेवटच्या ओळीत 'अल्पोपहार' आहे. प्रूफ मीच तपासलं होतं. बायकोनं ती पत्रिका फ्रेम करून फोनच्या वर लावली आहे.